ताट बघणारे मामा

मामा कुणाच्याही घरी गेले की आधी माणसांकडे बघत नसत, ताटांकडे बघत. कोणी किती खाल्लं, कोणी भाकरी नुसतीच कुस्करून कडेला लोटली, कोणाची भाजी तशीच राहिली. आमच्या कार्यालयातल्या हेडक्लार्कच्या डब्यात सलग तीन दिवस दोन पोळ्या उरल्या, तेव्हा मामा त्यांना म्हणाले, "सायेब, रक्त तपासून घ्या." हेडक्लार्क चिडले. पुढच्या आठवड्यात त्यांना कावीळ निघाली. त्यानंतर बरेच दिवस दुपारी एक वाजता लोक मामांकडे पाठ करून जेवत.

"ज्याचं जेवण सुटलं, त्याचं दुखणं सुरू झालं," असं ते म्हणत. "माणूस बोलून लपवतो. ताट लपवत नाय."

हे ते झिंग्यांकडून शिकले, आणि झिंग्यांचं मेंढरांकडून. किनाऱ्यावर ज्याला कोळंबी म्हणतात त्याला आमच्याकडे झिंगा म्हणतात. शहरापासून समुद्र एका रात्रीच्या बसच्या अंतरावर. पण गंगापूरच्या पुढे, गोदावरीच्या बाजूला, उसाला पाणी पाजून पाजून काही जमिनी खारवटल्या होत्या. तिथल्या बोअरचं पाणी पिकाला चालत नव्हतं आणि माणसालाही. ते झिंग्याला चालेल, असं वर कुणाच्या तरी लक्षात आलं. मग प्रकल्प आला, प्रकल्पाची गाडी आली, वाळूज रस्त्यावरच्या नव्या वसाहतीत एका शिकवणीवर्गाच्या वरच्या मजल्यावर भाड्याचं कार्यालय आलं आणि दारावर लाटांचं मोठं चित्र आलं. त्या इमारतीच्या नळाला आठ-आठ दिवस पाणी येत नसे. लाटांखालून टँकरवाल्याला फोन करायचं काम माझ्याकडे होतं.

मी नुकताच पदवी घेऊन आलो होतो. मामा निवृत्तीला आले होते. देवगाव रंगारीकडच्या मेंढपाळाच्या घरातला हा माणूस लहानपणी शाळेपेक्षा कळपामागे जास्त चाललेला. कधीतरी एका मत्स्यबीज केंद्रावर राखणदार म्हणून रोजंदारीला लागला आणि पाणी बघता बघता क्षेत्र सहाय्यक झाला. मला ते 'बारके सायेब' म्हणत. त्यात आदर किती आणि थट्टा किती, हे मी कधी विचारलं नाही. गावात त्यांना 'डॉक्टर मामा' म्हणत. ते दुरुस्त करायचे, "डॉक्टर बरं करतो. मी फक्त सांगतो."

तळ्यावर ते सूर्य उगवायच्या सुमारास पोचत आणि तळ्याकडे पाठ करून बसत. पहिल्या दिवशी मला वाटलं, प्रार्थना करतायत. ते तळ्यावर उतरायला येणारे बगळे मोजत होते.

"बगळ्याला आपल्या आधी कळतं," ते म्हणाले. "झिंगा निरोगी असला तर तळाला असतो. कडेला आला, वर आला, की समजायचं, कळपातनं फुटला. मेंढरू मागं राहिलं की लांडगा दिसतो. इथं बगळा दिसतो. कळप पाण्यात गेला, एवढाच फरक."

मग ताट. तळ्यात चारी बाजूंना दोरीनं सोडलेली जाळीची ताटं असतात. त्यात मूठभर खाद्य टाकायचं आणि दोन तासांनी वर ओढून किती उरलं ते बघायचं. मामा त्यातला एक झिंगा दोन बोटांत धरून उगवत्या सूर्यासमोर करीत. पाठीत काळी सलग रेघ दिसली तर आतडं भरलेलं. रेघ तुटक असली तर ते नुसतं "हं" म्हणत. रेघ नसेल तर काही म्हणत नसत, आणि मग मालकाचा चेहरा उतरे. पाण्यावर पांढरे दोरे तरंगताना दिसले तर आतड्याचा रोग. कल्ले काळे पडले तर तळाला घाण साचलेली. कवच बोटाला बुळबुळीत लागलं तर पाणी शिळं झालं. हे सगळं मी पुस्तकात वाचलं होतं. पण पुस्तकात ते रोग झाल्यावरचं होतं. मामा त्याच्या आदल्या दिवशीचं बघत.

लिहिण्याशी मात्र त्यांचं वैर. तपासणी अहवालात 'रोगाचे नाव' म्हणून रकाना होता. त्यात त्यांनी एकदा लिहिलं, 'नाव माहीत नाही. मरतात.' साहेबांनी बोलावून घेतलं. मामा म्हणाले, "प्रयोगशाळेचा कागद आल्यावर नाव टाकतो. तोवर मरणं थांबत नाय, म्हणून ते आधी टाकलं."

औषधं विकणारे यायचे. बादलीवर उड्या मारणाऱ्या झिंग्याचं चित्र, आत तपकिरी पूड. त्यातला एक शहरातला तरुण फार गोड बोलायचा. "मामू, एक बार डालके तो देखो. बीमारी का नाम नहीं लेंगे झिंगे."

"कोणत्या बीमारीचं?"

"सब का, मामू."

मामांनी चहाच्या पेल्यात चमचाभर पूड ढवळून त्याच्यापुढे ठेवली. "मग तुम्ही आधी घ्या. तुम्हाला पण काहीतरी असंलच." तो पुन्हा आमच्या तळ्यांवर दिसला नाही.

त्यांचा खरा हट्ट होता लाल पाण्याचा. प्रत्येक तळ्याच्या बांधावर चढायच्या जागी एक पाटी ठेवलेली, म्हणजे मोठं घमेलं. तिच्यात विहिरीत टाकतात त्या लाल औषधाचं पाणी. बांधावर पाय ठेवायच्या आधी प्रत्येकानं त्यात पाय बुडवायचे. एका तळ्याचं जाळं दुसऱ्या तळ्यावर न्यायचं नाही. बादलीही नाही. एका पायाच्या चिखलात अख्ख्या तळ्याचा जीव जाईल एवढा रोग मावतो, हे ते गावकऱ्यांना सांगत आणि गावकरी हसत हसत पाय बुडवत.

झिंग्यांची पिल्लं तळ्यात सोडायच्या समारंभाला एक मोठे पाहुणे आले. मांडव, माइक, गुलाबाच्या पाकळ्या. पाहुण्यांचे बूट पांढरे. पाटीपाशी ते थबकले. साहेब घाईघाईनं म्हणाले, "मामा, आज राहू द्या."

मामा बांधाच्या तोंडाशी उभे होते. ते हलले नाहीत. "देवळात जाताना चपला काढतो आपण, सायेब. देव त्यानं मरतो असं नाय. हे मरतात."

पाहुण्यांनी फोटोवाल्याकडे बघितलं, हसले आणि दोन्ही बूट पाण्यात घातले. वर्तमानपत्रात त्यांच्या साधेपणाचं कौतुक आलं. बूट जांभळे झाले ते फोटोत आलं नाही. मामांना लेखी समज आली. ती त्यांनी घडी घालून पाकिटात ठेवली, आणि पाटीतलं पाणी बदललं.

शहरात त्यांचं घर होतं ती वसाहत पूर्वी गायरान. त्यांच्या वडिलांची मेंढरं तिथं बसायची. आता बिल्डरनं तिला एका हिरव्या दरीचं इंग्रजी नाव दिलं होतं. हिरवं काही नव्हतं आणि दरीही नव्हती. रविवारी मामा गच्चीवर उभे राहून मला दाखवत, "तिथं आमच्या मेंढरांचा वाडगा होता. त्या पार्किंगपाशी पाझर होता. दुष्काळातसुद्धा चार मेंढरं प्यायची." त्यांची थोरली बहीण मात्र अजून मेंढरांमागेच होती. तिचा उल्लेख ते क्वचितच करत, आणि केला की घड्याळ बघत. जणू ती आत्ता कुठे पोचली असेल याचा हिशेब लावतायत.

त्या वर्षी पावसानं दगा दिला. पोळ्यालाच नाले कोरडे होते. दिवाळी झाली तेव्हा आमच्या प्रकल्पाच्या गावातल्या सहा तळ्यांत झिंगा काढायला महिनाही उरला नव्हता. रात्री गारठा, दिवसा ऊन. मामांना ते हवामान आवडत नसे. "झिंग्याला सोसत नाय ही वरखाली," ते म्हणत. बोअर तासभर चालायचे आणि उचकी देऊन बंद पडायचे.

सहा तळ्यांचा गट होता आणि त्याची प्रमुख एक बाई होती. नवरा वाळूजला कंपनीत पाळीवर, त्यामुळे तळं तीच बघायची. सगळ्यांत आधी ताट बघायला शिकली तीच. मामा तिला 'बाई' म्हणायचे, आणि हा एक शब्द ते साहेबांना 'सायेब' म्हणायचे त्यापेक्षा जास्त मनापासून म्हणायचे.

तेव्हाच मामांच्या बहिणीचा कळप गावात उतरला. दोनेकशे मेंढरं. खारवट पाणी माणसाला चालत नाही, पण मेंढराला चालतं, आणि आसपास दुसरं पाणीच नव्हतं. आमच्याकडे एक रीत आहे. जनावर दारात आलं की पाण्याला नाही म्हणायचं नाही. मामांनी गावकऱ्यांना एकत्र बसवलं. एकट्यावर भार नको म्हणून पाळी ठरली. मारुतीच्या पारावर चिठ्ठ्या टाकल्या. प्रत्येक तळ्याची चार-चार दिवस पाळी. सरपंचांनी एक डिझेल इंजिन आणि एक पाइप दिला. ज्याची पाळी त्याच्या तळ्यात पाइप टाकायचा आणि वेशीबाहेरची जनावरं पाजायची दगडी हाळ भरायची. पाळीचा कागद मी लिहिला. पहिली चिठ्ठी बाईची निघाली.

सगळं नीट चाललं. मेंढरं प्यायची, आक्का हाळेपाशी बसून भावाकडे बघायची, आणि मामा त्या आठवड्यात जरा मोठ्यानं बोलायचे.

मग एका सकाळी बाईच्या बांधावर सोळा बगळे होते.

मामांनी ताट ओढलं. खाद्य तसंच होतं. एक झिंगा हातात घेतला, तो लालसर आणि मलूल. त्यांनी डोक्यावरचं कवच नखानं अलगद सोडवलं, सदऱ्याला पुसलं आणि उजेडात धरलं. कवचाच्या आत पांढरे गोल ठिपके होते, पीठ सांडल्यासारखे.

"बाई," ते म्हणाले, "बसा."

ती बसली नाही. "औषध?"

"याला नाय."

पांढऱ्या ठिपक्यांचा रोग. माणसाला काही होत नाही, मेंढराला नाही. झिंग्यांचं तळं मात्र आठवड्यात रिकामं होतं. करायचं ते इतकंच की तो शेजारी जाऊ द्यायचा नाही. तळ्याचं पाणी सोडायचं नाही, मेलेलं बाहेर फेकायचं नाही, ब्लीचिंग पावडर टाकून तळं मारायचं आणि झाकून ठेवायचं. नमुने प्रयोगशाळेला गेले. मामा निकालासाठी थांबले नाहीत. बाईनं तोंडाला पदर बांधला आणि स्वतः पावडर टाकली. तीन महिने वाढवलेलं तिनं अर्ध्या दिवसात मारलं. संध्याकाळी चुना टाकून खड्डा बुजवताना ती एवढंच म्हणाली, "पिल्लं कुठून आणली होती, मामा? तपासली होती का?"

पिल्लं समारंभाच्या तारखेसाठी घाईत आणली होती. उत्तर मामांनी द्यायचं नव्हतं. ज्यांनी द्यायचं होतं ते वर लाटांच्या चित्रामागे बसत.

बाकीच्या पाच तळ्यांवर पहारा बसला. लाल पाणी दिवसातून दोनदा बदललं जाऊ लागलं. बाईच्या शेजारचं, एकाच बांधाचं तळं मामा तासातासाला बघत होते. त्याला काही झालं नाही. झालं ते गावाच्या दुसऱ्या टोकाच्या, अण्णांच्या तळ्याला.

अण्णा म्हणजे गावातले वजनदार गृहस्थ. आवाज मोठा, आणि बाई प्रमुख झाली ते त्यांना कधीच पचलं नव्हतं. "इतक्या लांब उडून आलं का?" ते पारावर म्हणाले. "ती परवा आमच्याकडं सत्यनारायणाला आली होती. तिच्या पायानं आलं."

"ती बांधावर आली नव्हती," कुणीतरी म्हणालं.

"यायला कशाला पायजे. मामाच म्हणतात ना, चिखलात मावतं."

चार दिवसांनी तिसरं तळं गेलं, तेही भलत्याच बाजूचं. आता गावाला पुराव्याची गरज उरली नाही. बाईनं बांधांवर फिरकू नये, असं ठरलं. पाणी भरायला गेली की बायका हंडे मागे ओढू लागल्या. गटाची बैठक बोलावली. तिला काढायचं आणि पुढच्या हंगामात तिच्या तळ्याला पिल्लं द्यायची नाहीत, असा ठराव अण्णांनी आधीच लिहून आणला होता. आमच्या साहेबांनाही ते सोयीचं होतं. कारण सापडलं की पिल्लांची चौकशी होत नाही.

बैठकीच्या दिवशी दुपारी मामा हाळेपाशी बसले होते. तिसरी पाळी संपली होती. दोघं माणसं पाइप गुंडाळून चौथ्या तळ्याकडे न्यायला निघाली. पाइपाच्या तोंडातून गढूळ पाणी ठिबकत होतं. मामा त्या ठिबकणाऱ्या पाण्याकडे बघत राहिले. मग उठले आणि म्हणाले, "ठेवा तो खाली." इतक्या हळू, की त्यांना दोनदा सांगावं लागलं.

पारावर सगळे जमले होते. बाई पायरीशी उभी होती. बसायला कुणी जागा केली नव्हती. आक्का मेंढरांपासून उठून लांब लिंबाखाली येऊन बसली. अण्णांनी ठरावाचा कागद काढला.

"आधी दुसरा कागद," मामा म्हणाले. "बारके सायेब, पाळीचा कागद वाचा."

मी वाचला, भलत्या बाजूच्या त्या तिसऱ्या तळ्याच्या मालकांपर्यंत. पहिली बाई, दुसरे अण्णा, तिसरे ते.

"आता तळी कशी मेली ते वाचा. तुमच्या वहीतनं."

मी वही उघडली आणि तोंड उघडायच्या आधी मला दिसलं. पहिली बाई, दुसरे अण्णा, तिसरे ते. ही वही मी रोज लिहीत होतो. दोन्ही कागद एकाच पिशवीत होते.

मी वाचलं. वाऱ्यानं अण्णांच्या हातातला कागद फडफडत होता.

"बाईच्या पायाला लाल पाणी लागलं," मामा म्हणाले. "जाळ्याला लागलं, बादलीला लागलं. पाइपाला नाय लागलं. पाइप मेंढरांच्या कामाचा होता. मी त्याला तळ्याचा धरलाच नाय. तो मी फिरवला. हे माझं."

साहेबांनी खाकरून हवामानाबद्दल काहीतरी सुरू केलं. मामांनी त्यांच्याकडे बघितलं नाही.

उरलेल्या तिघांतला एक जण, तरुण, भला माणूस, म्हणाला, "व्हतं मामा. पाइप धुऊन घेऊ लाल पाण्यात. मेंढरं कुठं जातील?"

हे खरं तर पुस्तकाप्रमाणे बरोबर होतं. मी मान हलवली. मामांनी लिंबाखाली बघितलं. आक्का हातातली काठी मांडीवर आडवी धरून बसली होती. तिला इथलं बोलणं ऐकू येत असावं.

"किती धुतला म्हंजी धुतला, ते मला सांगता यायचं नाय," मामा म्हणाले. "आतनं दिसत नाय. हाळेवर माझंच माणूस आहे, म्हणून मला तो धुतलेलाच दिसंल. तीन तळी राहिली. पाइप बंद."

"अन् मेंढरं?"

"निघतील."

अण्णा कागद खिशात घालत होते. मामा म्हणाले, "अण्णा, तो फाडा. इथंच." अण्णांनी घडी घातली, उलगडली, आणि फाडला. नंतर ते थोडे सरकून बसले, आणि पायरीवर जागा झाली. ती बसली नाही.

आक्का उठली होती. मामा तिच्यापाशी गेले. मी मागे होतो.

"आक्का—"

"ऐकलं म्या," ती म्हणाली. "धरणाचं पाणी कुठवर हाय?"

"मागं सरलंय. दोन दिवस लागतील."

"मंग दुपार कशाला घालवायची?" तिनं तोंडानं आवाज काढला आणि कळप उठला.

मामांनी किरकोळ रजेचा अर्ज माझ्या हातात दिला आणि कळपाच्या मागे चालू लागले. कळपाच्या पुढे चालणारा रस्ता बघतो. मागे चालणाऱ्याला मागे राहिलेली मेंढरं बघावी लागतात. दुसऱ्या दिवशी मी मोटरसायकलवर दोन घागरी बांधून त्यांना गाठलं. त्यांच्या खांद्यावर एक कोकरू होतं. ते आधीच मेलेलं आहे, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी ते उतरवलं नव्हतं. रस्त्याच्या कडेला, ज्वारी न उगवलेल्या शेतात, मागे आणखी काही मेंढरं पडली होती. आक्का एकदाही वळली नाही. घागरीतलं पाणी तिनं आधी मेंढरांना पाजलं, मग भावाला, मग स्वतः प्यायली. मला तिनं विचारलं, "तिकडची तीन?"

"जेवतायत," मी म्हणालो. ताटं बघूनच निघालो होतो.

ती तीन तळी वाचली. मामांनी सगळं लिहून दिलं, स्वतःच्या सहीनं, पहिल्यांदाच एकही रकाना मोकळा न सोडता. पिल्लांच्या रकान्यात 'तपासणी न करता सोडली' असंही लिहिलं. त्यांची एक वेतनवाढ थांबली. पिल्लांबद्दल कुणाचीच थांबली नाही. पुढच्या उन्हाळ्यात ते निवृत्त झाले. निरोपसमारंभात शाल घेताना त्यांनी अंग असं आक्रसलं, की शाल कुणातरी दुसऱ्यालाच दिल्यासारखी वाटली.

त्या वेळी, कळप धरणावर पोचवून मी परत आलो तेव्हा बाई आपल्या मेलेल्या तळ्याच्या बांधावर बसली होती. पावडरीनं तिच्या हातांची साल निघाली होती.

"पोचली का मेंढरं?"

"पोचली."

"सगळी?"

मी गाडी स्टँडला लावत राहिलो. तिनं पुन्हा विचारलं नाही. हाताची निघालेली साल ओढत म्हणाली, "आक्काला सांगा, पुढच्या साली हाळ माझ्या बोअरवर. तळ्यात पडायच्या आधीचं पाणी. त्याला कुणाचा पाइप लागत नाय."

"बोअर तासभर चालतो तुमचा. तळं भरणार नाही मग."

"अर्धं भरंल," ती म्हणाली. "अर्ध्यात अर्धाच झिंगा सोडायचा."